मास्टरांची कणसं

माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी माझ्या पिशवीचा दोरा कापला.

मी म्हैसूरच्या जयलक्ष्मीपुरममधल्या त्या घराच्या फाटकाशी उभी होते. खांद्यावर शबनम, हातात शाळेच्या नेमणुकीचं पत्र. आतून एक किडकिडीत म्हातारे गृहस्थ आले. गळ्यात मापाची टेप आणि दोरीला बांधलेली, चिमट्यासारखी छोटी कात्री. "स्वल्प हलू नका," असं म्हणून त्यांनी पिशवीच्या पट्ट्याखाली लोंबणारा दोरा कच्चकन उडवला, तो खिशात टाकला आणि मग विचारलं, "कोण पाहिजे?"

मला मागच्या दोन खोल्या भाड्याने पाहिजे होत्या. त्या मिळाल्या. मी सांगलीकडून आलेली, मराठी बोलणारी एकटी मुलगी, हिंदी शिकवायला आलेली, एवढ्यावर काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला ठेवून घेतलं. मास्टरांनी फक्त एक अट घातली. "दोरा लोंबत ठेवून ह्या फाटकाबाहेर जायचं नाही. दोरा लोंबतोय म्हणजे काम अर्धं राहिलंय. लोक बघणार आणि विचारणार, कुणाच्या घरात राहते? मग नाव कुणाचं जातं? माझं, अल्वा?"

'अल्वा' म्हणजे 'नाही का'. मास्टरांच्या दर दुसऱ्या वाक्याच्या शेपटाला ते असायचं, पण उत्तराची वाट त्यांनी कधी पाहिली नाही. शिंप्यांची ही घरं म्हैसुरात कधी आली ते त्यांनाही सांगता यायचं नाही. देव विठ्ठल, भाषा मराठी, पण वाक्य मराठीत सुरू झालं म्हणजे ते मराठीत संपेलच अशी खात्री नसे. शहरात शिवणाऱ्याला सगळे मास्टर म्हणतात, म्हणून ते मास्टर, आणि मी टीचरम्मा.

दुकान त्यांनी मी यायच्या दोन वर्षं आधी बंद केलं होतं. तयार कपड्यांची मोठी दुकानं आली आणि पँट शिवून घ्यायला येणारी माणसं आटत गेली. शेवटी लोक फक्त पँटची उंची कमी करून घ्यायला येऊ लागले, तेव्हा मास्टरांनी एका दिवसात शटर ओढलं. "मी कपडा शिवतो. दुसऱ्याने शिवलेल्याचे पाय कापत नाही," म्हणाले. मशीन घरी आलं. हात मात्र रिकामे झाले. पस्तीस वर्षं चालत आलेले हात एकदम थांबले की माणूस आतून खचतो, हे मी माझ्या वडलांच्या बाबतीत पाहिलं होतं. मास्टर खचले नाहीत. त्यांनी मका लावला.

झालं असं की मी आले त्याच वर्षी दसऱ्याच्या प्रदर्शनात एका बियाणेवाल्याकडे त्यांनी गोड मक्याचं पाकीट उचललं. विकणारा पोरगेला माणूस म्हणाला, "सार, हे घरच्या अंगणात आगोदिल्ला, होत नाही. कीड पडते." मास्टरांना 'होत नाही' हे शब्द ऐकायची सवय नव्हती. त्यांनी दोन पाकिटं घेतली. त्याच प्रदर्शनात कागदी कपात उकडलेले मक्याचे दाणे चमच्याने खात लोक हिंडत होते, त्याचाही त्यांना राग आला होता. "कणीस कपात घालून देतात, आणि हे लोक आजाऱ्यासारखे खातात! कणीस दातांनी खायची वस्तू आहे."

घराच्या पूर्वेला, कंपाउंडच्या भिंतीलगत, दहा फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब अशी मोकळी पट्टी होती. तिथे टेप लावून, शिवणाच्या खडूने दोरीवर खुणा करून त्यांनी मका पेरला. चार ओळी, पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने एकेक तुकडा. दर रविवारी सकाळी ते प्रत्येक ताटाचं माप घेत आणि दुकानातल्या जुन्या मापाच्या वहीत लिहीत. तीच वही, त्याच छापील रकान्यांत. उंची, छाती, कंबर. मी विचारलं, "मास्टर, मक्याची छाती कुठे असते?" त्यांनी वर न बघता सांगितलं, "ज्याला शिवता येतं त्याला सगळ्यांची छाती सापडते."

आणि खरं सांगायचं तर ताटं दृष्ट लागावी अशी यायची. खोडकिड्याला त्यांनी पहिल्याच महिन्यात हरवलं. जुन्या कोळशाच्या इस्त्रीतली राख ते चाळून ठेवत आणि प्रत्येक ताटाच्या शेंड्याशी, पानांच्या पोंग्यात चिमूट चिमूट टाकत. पोपट आणि खारी यायच्या वेळी, म्हणजे कणीस भरायच्या सुमाराला, ते अस्तराच्या तुकड्यांच्या टोप्या शिवून कणसांना घालत. साध्या टोप्या नव्हेत. आत दुमड, कडेला दुहेरी टीप, हनुवटीखाली बांधायला नाडी. शाळेतून येताना मला लांबूनच दिसायचं, भिंतीवरून साठ-सत्तर बाळं कुंची घालून बघतायत. रस्त्याने जाणारे लोक थांबून हसायचे. मास्टर म्हणायचे, "बघू देत. फिटिंग बघतायत."

एवढं सगळं करून पहिल्या वर्षीचं पहिलं कणीस त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सोललं. मुलगा, सून, काकू, मी. कन्नडमध्ये मक्याला मुसुकिन जोळ म्हणतात, म्हणजे पदराआडचं धान्य. मास्टरांनी नव्या नवरीचा पदर सारावा तसं ते एकेक पान बाजूला केलं. आत पांढरं बुरकूल, आणि त्यावर इथे एक, तिथे दोन असे दाणे. काकूंनी शांतपणे मोजले.

"अकरा," त्या म्हणाल्या. "एकादशी झाली की हो."

पुढची दहा कणसं सोलली. सगळ्यांची तीच कथा. कुणाला नऊ दाणे, कुणाला वीस. म्हाताऱ्याच्या तोंडाचं बोळकं असावं तशी एकेक.

आता इथे मास्टरांचा स्वभाव सांगितला पाहिजे. त्यांची चूक कधी होत नसे. एका वकिलाच्या कोटाची एक बाही आखूड झाली होती, तर मास्टरांनी त्याला तासभर आरशासमोर उभं करून पटवून दिलं की त्याचा उजवा हात डाव्यापेक्षा लांब आहे. तो बिचारा पुढे आयुष्यभर डॉक्टरांना हात दाखवत हिंडला, असं त्यांचा मुलगा सांगायचा. सांगताना हसायचा, पण ते हसू पुरतं हसू नव्हतं. हा मुलगा एका कारखान्यात इंजिनियर होता आणि बायकोबरोबर माडीवर राहायचा. दुकानात बसायला त्याने सोळाव्या वर्षीच नकार दिला होता. कारण मला काकूंनी सांगितलं. "अप्पांच्या हाताखाली काम करायचं म्हणजे सगळ्या चुका आपल्याच निघतात कणम्मा."

तर अकरा दाण्यांची चूकही मास्टरांची नव्हती. ती बियाण्याची होती. दुसऱ्या वर्षी बियाणं बदललं, पुन्हा बोळकंच. त्या वर्षी दोष शेजारच्या गुलमोहराच्या सावलीचा होता, आणि थोडा माझा. माझ्या मोरीचं साबणाचं पाणी त्या पट्टीच्या कडेने वाहायचं. "टीचरम्मा, तुमचा साबण बदला," ते म्हणाले. मी बदलला. कणसावर त्याचा काही परिणाम झाला नाही, माझी त्वचा मात्र कोरडी पडली.

तिसऱ्या वर्षी पाणी गळ्याशी आलं. मुलाने गाडी ठरवली होती. दिवाळीच्या पाडव्याला घरी आणणार होता, आणि घरात गाडी उभी करायला एकच जागा होती, ती पट्टी. ओसरीवर जेवणानंतर सगळे बसलो असताना तो म्हणाला, "अप्पा, तिथे सिमेंट घालून वर पत्रा टाकतो. दोन वर्षं झाली, एक कणीस खाल्लं नाही आपण."

मास्टर उठून ओसरीच्या कडेला गेले, पट्टीकडे बघून आले. मग म्हणाले, "पाडव्याला सकाळी तुझ्या हातात एक कणीस देतो. टोकापासून देठापर्यंत भरलेलं, एक दाणा कमी नाही. नाही दिलं तर घाल सिमेंट. मी मधे येणार नाही."

"एक दाणा कमी नाही?" मुलाने विचारलं.

"मी बोललो ते माप आहे."

त्या पट्टीवाचून मास्टर संपतील, असं मला तेव्हाच वाटलं. मशीनवर चादर टाकलेली होती, दुकान गेलेलं होतं. सकाळी उठून ज्यासाठी चप्पल घालावी असं त्यांच्याजवळ तेवढं एकच उरलं होतं. काकूंनाही ते ठाऊक होतं, कारण त्या रात्री त्यांनी देवापुढे दुसरी वात लावली.

त्या वर्षी मी नीट लक्ष द्यायला लागले आणि मला एक गोष्ट दिसली, जी मी दोन वर्षं बघूनही पाहिली नव्हती. कणसाच्या टोकाला रेशमासारखे केस फुटायला लागले की मास्टर रोज सकाळी अंघोळ करून, गळ्यातली ती छोटी कात्री घेऊन पट्टीत जायचे आणि प्रत्येक कणसाचे केस मुळाशी साफ कापून टाकायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर आलेले असायचे, पुन्हा कापायचे. मी विचारलं तर म्हणाले, "दोन कारणं. एक, अळी ह्याच दोऱ्यांवरून आत उतरते. मी डोळ्यांनी बघितलंय. दोन, लोंबणारे दोरे मला बघवत नाहीत."

मला शेतीतलं काही कळत नाही. पण रविवारी मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून घरी फोन केला आणि आईला हे गंमत म्हणून सांगितलं. आमच्याकडे जनावरांसाठी मका असायचा, आईचं आयुष्य त्यात गेलेलं.

"केस कापतो?" आई ओरडली. "अगं, एकेका केसाच्या बुडाशी एकेक दाणा असतो. वरच्या तुऱ्याची पूड त्या केसावर पडली की तो दाणा धरतो. केस कापला की दाणा गेला! कोण शहाणा आहे हा?"

मी हसत हसत घरी आले, आणि फाटकाशी पोचेपर्यंत माझं हसू गेलं. हे मास्टरांना सांगायचं कुणी? काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी सांगितलं तर माझा साबण बदलायला लावतील. तूच सांग. तू शिकलेली आहेस."

मी सांगितलं. अगदी अदबीने, आईचं नाव घेऊन. मास्टर ऐकत असताना त्यांचे कान लाल झाले. "टीचरम्मा," ते म्हणाले, "पस्तीस वर्षं ह्या हातात कात्री आहे. कुठे कापायचं आणि कुठे नाही ते मला हिंदीच्या टीचरने शिकवायचं? अळी आत शिरते ते दार मी बंद करतो, आणि तुम्ही सांगता दार उघडं ठेवा! साकु, पुरे. दिवाळी झाली की दुसरं घर बघा."

मी खोलीत जाऊन रडले. मग तोंड धुऊन वह्या तपासल्या. मी बरोबर आहे याबद्दल मला तीळभर शंका नव्हती, आणि त्यामुळेच जास्त राग येत होता. डोळ्यांदेखत माणूस आपलीच पट्टी घालवत होता, आणि मी काही करू शकत नव्हते.

करणारा दसरा होता. त्या घरची रीत अशी की सप्तमीच्या संध्याकाळी घरातलं प्रत्येक हत्यार देवापुढे जायचं. मशीन पुसून, हळदकुंकू लावून, त्यावर झेंडूची माळ. मोठी कात्री, टेप, सुयांची डबी, काकूंची विळी, मुलाचे पाने आणि स्क्रूड्रायव्हर, आणि मास्टरांच्या गळ्यातली ती छोटी कात्रीसुद्धा. दशमीला सकाळी पूजा उठेपर्यंत कशालाही पातं लावायचं नाही. अष्टमी-नवमीची भाजी काकू आधीच चिरून ठेवायच्या.

अष्टमीला सकाळी मी खिडकीतून पाहिलं. मास्टर पट्टीत उभे. हात पाठीमागे बांधलेले, गळा मोकळा. मधल्या ओळीतल्या चार कणसांना आदल्या दिवशी केस फुटायला लागले होते. ते आता बोटभर होऊन वाऱ्यावर हलत होते, आणि तुऱ्यांवरून पिवळी पूड झरत होती. मास्टरांची बोटं एकमेकांवर चोळत होती. नवमीला त्यांना राहवेना. ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"अगो, नख म्हणजे काही आयुध नव्हे, अल्वा?"

काकू पुरणाला चटका देत होत्या. मागे वळल्यासुद्धा नाहीत. "मग नरसिंहाच्या हातात काय होतं?"

मास्टर तसेच परत गेले. मी त्या बाईंना मनातून साष्टांग नमस्कार घातला.

दशमीला सकाळी पूजा उठली. दुपारी मिरवणूक, संध्याकाळी सगळ्यांना मशालींची कवायत बघायला बन्नीमंटपच्या मैदानावर जायचं होतं. मुलाने कुठूनतरी पास मिळवले होते, त्यामुळे घरात गडबड होती. मी मात्र पट्टीत जाऊन त्या चार कणसांपुढे उभी राहिले. मास्टर गळ्यात कात्री घालून आले.

"बाजूला व्हा."

"एकच करा," मी म्हटलं. "ह्या चारांना हात लावू नका. आज ज्याला केस फुटलेत असं एखादं कणीस तोडा आणि स्वतः उघडून बघा. माझं ऐकू नका. तुमचे डोळे काय सांगतात ते ऐका. मग चारही कापा, मी आजच खोली सोडते."

मला वाटतं, मला खोटं पाडायलाच त्यांनी कणीस तोडलं. कठड्यावर बसून पानं सोलली. आत बोटाएवढं कोवळं बुरकूल, दाणे म्हणजे नुसते मोत्याचे ठिपके, आणि सगळ्यावरून केसांचे पदर टोकाकडे गेलेले. मास्टरांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. एक केस वेगळा केला. अंगठा आणि तर्जनीत धरून, तुटू न देता, तो वरून खाली सोडवत नेला. तो एका ठिपक्यापाशी जाऊन थांबला. दुसरा घेतला. तो शेजारच्या ठिपक्यापाशी. तिसरा. चौथा. आतून काकू मला हाका मारत होत्या, पण मी हलले नाही. त्यांनी किती केस सोडवले कोण जाणे, सकाळचं ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं.

"हे दोरे नव्हेत," शेवटी ते म्हणाले. आवाज फार लहान होता. "टाके आहेत हे. प्रत्येक दाणा ह्यानेच घातलाय."

मला वाटलं, आता 'चुकलं' हे पुढचं वाक्य येईल. आलं नाही. ते उठले, कात्री गळ्यातून काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "चहा झाला का तुमचा?" घर सोडण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही, आणि दिवाळीपर्यंत फावल्या वेळात घरं बघत राहिले. विजयनगरला एक खोली जवळपास ठरवलीसुद्धा.

ते वीस दिवस मास्टर ती चार कणसं राखत बसले. तरी त्यांतली दोन खारींनी टोपीसकट नेली आणि एक ताट वाऱ्याने मोडलं. एक उरलं. ते हातात घेतलं की भरल्याचं कळत होतं. पण पाडव्याच्या दोन दिवस आधी मला त्याच्या टोकाशी, वाळलेल्या केसांत, अळीने पोखरल्यासारखा ओला भुसा दिसला. मास्टरांनाही दिसला होता.

पाडव्याला सकाळी मेस्त्री दोन माणसं घेऊन आला. फाटकाबाहेर वाळूचा ढीग, सिमेंटची पोती. गाडी दहाला यायची होती. मास्टर धुतलेला सदरा घालून पट्टीतून कणीस घेऊन आले आणि ओसरीवर सगळ्यांसमोर त्यांनी ते सोललं.

काकूंनी तोंडावर हात घेतला. ओळीला लागून ओळ, पिवळेधमक दाणे, बोट ठेवायला फट नाही. तीन वर्षांत त्या पट्टीत असं काही पिकलं नव्हतं. शेवटचं पान निघालं आणि टोकावर, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, दाणे पोखरलेले निघाले. मधोमध एक लठ्ठ हिरवी अळी होती.

मग काकू म्हणाल्या, "एवढंसं तर आहे. कापून टाका टोक. विळी आणते."

"बेडा, नको," मास्टर म्हणाले. "मालाचा फॉल्ट लपवून मी कधी दिला नाही. एक दाणा कमी नाही, असं माप होतं. इथे सात-आठ कमी आहेत." त्यांनी कणीस मुलापुढे धरलं. "हे सात-आठ अळीचे. मागच्या दोन वर्षांचे मात्र अळीने खाल्ले नाहीत. बियाण्याचा दोष नव्हता, झाडाच्या सावलीचा नव्हता, साबणाचा नव्हता. मी कापत होतो. माझ्या हाताने. ह्या टीचरम्मांनी सांगितलं, तर मी त्यांना घर सोडा म्हणालो. तेही चुकलं. चुकलं माझं." मग ते मेस्त्रीकडे वळले. "घाल बाबा सिमेंट."

मेस्त्रीने घमेलं उचललं. मुलगा जागचा हलला नव्हता. बेचाळीस वर्षांचा इंजिनियर माणूस, हातात कणीस धरून बापाच्या तोंडाकडे बघत उभा होता.

"अप्पा," तो म्हणाला, "आणि माझ्या लग्नातला कोट?"

मला हा कोट माहीत नव्हता. काकूंना होता. त्यांनी मान खाली घातली.

मास्टरांनी टेपचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. पुन्हा सोडलं. "छातीत दीड इंच कमी पडला होता," ते म्हणाले. "तुझं अंग सुटलंय म्हणालो, पण ते सुटलं नव्हतं. मीच कमी कापला. तू अख्ख्या लग्नात श्वास धरून उभा होतास, ते मी बघत होतो."

मुलाचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्याने कणीस तोंडाला लावलं. कच्चंच, मधोमध, दातांनी. चावत चावतच तो फाटकापर्यंत गेला आणि भरल्या तोंडाने मेस्त्रीला म्हणाला,

"वाळू उचला. गाडी रस्त्यावर राहील."